गळकं पिनियन सील बदलायचं तर: नट सोडण्याआधी काय मोजायचं

मागच्या चाकांना जोर देणाऱ्या जुन्या गाडीखाली वाकून पाहिलं, तर मागच्या ॲक्सलच्या मधोमध एक फुगीर गोळा दिसतो. तो डिफरन्शियल. इंजिनाकडून आलेला लांब प्रोपेलर शाफ्ट त्याच्या पुढच्या तोंडाला जोडलेला असतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत नेमकं हेच तोंड काळं, ओलं आणि धुळीने लिंपलेलं सापडतं. तिथलं पिनियन सील, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याभोवती तेल अडवणारी रबरी ओठाची कडी, दमलेलं असतं आणि आतलं गिअर ऑइल थेंबाथेंबाने बाहेर येत असतं.

हे सील बदलणं नवख्याला जमण्यासारखं काम आहे. एक मोठा नट सोडायचा, फ्लँज (शाफ्ट जिला जोडतात ती तबकडी) ओढायची, जुनं सील उचकटायचं, नवं ठोकून बसवायचं आणि सगळं परत जोडायचं. ऐकायला इतकंच. पण तो मोठा नट फक्त फ्लँज धरून ठेवत नाही. आतल्या बेअरिंगांवर किती दाब राहायचा, तेही तोच ठरवतो. ते न कळता नट सोडला आणि अंदाजाने आवळला, तर गळती थांबते आणि काही दिवसांनी डिफरन्शियल ओरडायला लागतं. म्हणून या लेखात सील ठोकण्यापेक्षा नट सोडण्याआधीच्या अर्ध्या तासावर मी जास्त लिहिणार आहे.

गळती नक्की कुठून आहे?

गाडीखालचं तेल वाऱ्याबरोबर मागे उडत जातं. इंजिनाच्या किंवा गिअरबॉक्सच्या मागच्या सीलमधून निघालेलं तेल डिफरन्शियलच्या तोंडावर येऊन बसू शकतं. तेव्हा आधी सगळा भाग घासून कोरडा करा. जुन्या चिखलाचा थर खरवडा, ब्रेक क्लीनरने किंवा रॉकेलने धुवा, फडक्याने पुसा. मग त्यावर टाल्कम पावडर भुरभुरवा आणि वीसेक किलोमीटर गाडी चालवून आणा. पावडरीवर ओल कुठून सुरू झाली ते स्पष्ट दिसतं.

पिनियन सीलच्या गळतीची खूण वेगळी असते. फिरणारी फ्लँज तेल चहूकडे फेकते, म्हणून वर गाडीच्या तळपत्र्यावर आडवा पट्टा उमटतो. वासही ओळखता येतो. गिअर ऑइलमध्ये गंधकाची संयुगं असतात, त्यामुळे त्याला एक उग्र, कुजकट वास येतो. इंजिन ऑइलला तो नसतो. ओल फक्त मागच्या झाकणाच्या कडेला असेल तर दोष गॅस्केटचा. चाकाच्या आतल्या बाजूला, ब्रेकच्या पाटीवर असेल तर ॲक्सल शाफ्टचं सील किंवा ब्रेकचा सिलिंडर तपासावा लागेल. ती कामं निराळी.

आणि सीलला दोष देण्याआधी ब्रीदर बघा. ॲक्सलच्या नळकांड्यावर किंवा डिफरन्शियलच्या माथ्यावर एक छोटी टोपी किंवा नळी असते. चालताना तेल आणि हवा तापते, फुगते, आणि तो दाब इथून बाहेर जातो. जुन्या गाडीत ही टोपी चिखलाने गच्च बसलेली असते. मग दाब सीलच्या ओठातून वाट काढतो. ब्रीदर बंद ठेवून नवं सील घातलं तर तेही लवकरच गळेल. टोपी काढून धुवा आणि तोंडाने फुंकून हवा जाते याची खात्री करा. तेल पातळीपेक्षा जास्त भरलेलं असेल तरी गळती होते, तेही एकदा पाहून घ्या.

नटाच्या मागे काय दडलंय

फ्लँज ज्या दांड्यावर बसते त्याच्या आतल्या टोकाला पिनियन हा छोटा गिअर असतो आणि तो मोठ्या क्राउन व्हीलला फिरवतो. पिनियनचा दांडा दोन निमुळत्या रोलर बेअरिंगांत फिरतो. गाडी जोर घेते तेव्हा दात एकमेकांना ढकलतात आणि पिनियन पुढेमागे सरकू पाहतो. तो केसभरही सरकू नये म्हणून दोन्ही बेअरिंग आधीच थोड्या दाबाखाली आवळून ठेवलेली असतात. हाच तो प्रीलोड. कमी पडला तर पिनियन डुलतो, दात चुकीच्या जागी घासतात आणि घूं असा आवाज येतो. जास्त झाला तर बेअरिंग तापून जळतात.

हा दाब ठरवायच्या दोन पद्धती आहेत आणि तुमच्या गाडीत कुठली आहे हे काम सुरू करण्याआधी वर्कशॉप मॅन्युअलमध्ये पाहणं अत्यावश्यक आहे. पहिल्या पद्धतीत बेअरिंगांमध्ये घट्ट, न दबणारी नळी आणि शिम म्हणजे पातळ चकत्या असतात. तिथे नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला, म्हणजे फिरवण्याच्या ठरलेल्या जोराला, आवळला की काम झालं. दुसऱ्या पद्धतीत मध्ये पातळ पत्र्याची नळी असते, तिला क्रश स्लीव्ह म्हणतात. नट आवळत नेला की ती थोडी थोडी चेपते आणि हवा तेवढा दाब मिळाला की थांबायचं. एकदा चेपलेली स्लीव्ह पुन्हा फुगत नाही. तिथे ठरावीक टॉर्कला नट आवळणं ही सर्वांत मोठी चूक, कारण तो आकडा गाठेपर्यंत नळी गरजेपेक्षा जास्त चेपलेली असू शकते. काही उत्पादक नट सोडला की स्लीव्ह नवीनच घाला असं स्पष्ट सांगतात. तसं लिहिलं असेल तर तेच करा. त्यासाठी पुढचं बेअरिंग काढावं लागतं आणि नवी नळी चेपायला बऱ्याचदा २०० न्यूटन-मीटरच्या वर जोर लागतो. नवख्याने ते काम जाणकाराबरोबर करावं.

पुढचं सगळं वर्णन दुसऱ्या पद्धतीचं आहे. जुनी स्लीव्ह तशीच ठेवून फक्त सील बदलायचं आहे, असं धरलं आहे.

हाताशी काय हवं

नवं सील आणि नवा पिनियन नट आधी आणून ठेवा. सीलच्या चेहऱ्यावर बहुधा तीन आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ ३८-७४-११. पहिला आतल्या दांड्याचा व्यास, दुसरा बाहेरचा व्यास, तिसरा जाडी, सगळं मिलिमीटरमध्ये. काही सीलांवर फिरण्याच्या दिशेचा बाणही असतो. आकडे जुळले म्हणून सील चालेलच असं नाही, ओठांची रचना आणि रबराचा प्रकारही जुळावा लागतो. म्हणून शक्यतो गाडीच्या पार्ट नंबरनेच घ्या.

अवजारांत: भक्कम जॅक, दोन ॲक्सल स्टँड, पुढच्या चाकांसाठी पाचरी, सॉकेटचा संच आणि लांब दांडा, फ्लँज ओढायला पुलर, सील उचकटायला वाकड्या टोकाचं अवजार किंवा रुंद स्क्रूड्रायव्हर, हातोडी, पंच, व्हर्निअर कॅलिपर, टॉर्क रेंच, तेल झेलायला ट्रे, तेल भरायला पिचकारी. शिवाय एक ताणकाटा आणि दीड मीटर मजबूत दोरी. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तोच ताणकाटा, ५ किंवा १० किलोपर्यंत मोजणारा. या कामातलं सर्वांत मोलाचं अवजार माझ्या मते तोच आहे.

आणखी एक वस्तू स्वतः करावी लागते. फ्लँज धरून ठेवायला मीटरभर लांब लोखंडी पट्टी घ्या आणि तिच्या एका टोकाला फ्लँजच्या दोन बोल्टांच्या अंतरावर दोन भोकं पाडा. मधे सॉकेट जाईल एवढी जागा सोडा. पाइप रेंचने फ्लँज धरायचा मोह टाळा. त्याच्या दातांनी फ्लँजच्या कडा फाटतात.

गाडी उचलताना

जमीन सपाट आणि टणक हवी. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून पाचरी लावा. हे नेहमीपेक्षा काळजीने करायचं कारण असं: मागची चाकं हवेत गेली की बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक गाडी धरू शकत नाही, आणि प्रोपेलर शाफ्ट काढला की गिअरही तिला धरत नाही. त्या क्षणापासून गाडी फक्त पाचरींवर उभी असते. स्टँड ॲक्सलच्या नळकांड्यांखाली किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या चासीच्या जागी लावा. जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका. गाडी बाजूने हलवून पाहा, डुगडुगली तर परत उतरवा आणि नीट मांडा.

ॲक्सलवर स्टँड लावल्यावर डिफरन्शियलचं नाक किती झुकलं आहे ते पाहा. बहुतेक गाड्यांत पिनियन क्राउन व्हीलच्या मध्यापेक्षा खाली असतो, त्यामुळे सील तेलाच्या पातळीच्या आसपासच राहतं. सील निघालं की तेल येणारच. म्हणून तेल आधी सोडून दिलेलं बरं.

पण तेल सोडण्याआधी भरायचा प्लग उघडतो का ते पाहा. हा नियम मोडू नका. खालचा प्लग उघडून तेल सोडलं आणि वरचा प्लग गंजून आडला, तर गाडी जागेवर अडकते. जुन्या प्लगांना बऱ्याचदा आतून चौकोनी खाच असते. तिच्यातला चिखल खरवडून काढा, नेमक्या मापाचा चौकोनी तुकडा पूर्ण आत बसवा आणि मगच जोर लावा. काही ॲक्सलना खालचा प्लग नसतोच, तिथे पिचकारीने वरून तेल खेचून काढावं लागतं. निघालेलं तेल बोटांत घेऊन बघा. अगदी बारीक करडी भुकटी वयाची खूण आहे, पण चकाकणारे कण किंवा दाताचा तुकडा सापडला तर सील हा किरकोळ मुद्दा ठरतो. मग डिफरन्शियल उघडायचं आहे असं समजा.

शाफ्ट सोडणं

शाफ्ट आणि फ्लँज यांवर पांढऱ्या रंगाची एक सलग रेघ मारा, म्हणजे ते परत त्याच जागी जुळतील. तोल बिघडला तर गाडी थरथरते आणि नवं सीलही लवकर झिजतं. चारही बोल्ट सोडा. हे करताना हँडब्रेक ओढलेला असला की शाफ्ट फिरत नाही. सुटलेला शाफ्ट लोंबू देऊ नका, तारेने किंवा दोरीने वर बांधा. शाफ्टच्या टोकाच्या सांध्यात अधिक चिन्हासारखा क्रॉस असतो, त्याच्या टोप्या सैल असतील तर त्यांवर चिकटपट्टी गुंडाळा. एखादी टोपी पडली की आतल्या बेअरिंगच्या सुया विखुरतात आणि एक हरवली तरी नवा क्रॉस घ्यावा लागतो. शाफ्टचं पुढचं टोक गिअरबॉक्समध्ये नुसतं सरकवलेलं असेल तर ते बाहेर ओढू नका, नाहीतर तिथूनही तेल येईल.

आता हँडब्रेक सोडा, फ्लँज हातात धरा आणि वर-खाली, पुढे-मागे हलवून पाहा. ती गोल दिशेने थोडी आधी-मागे फिरते, ते चालतं, दातांमधली ती मोकळीक असते. पण वर-खाली किंवा पुढे-मागे किंचितही हालली तर बेअरिंग संपलं आहे. अशा डुलणाऱ्या दांड्यावर कुठलंही सील टिकत नाही. त्या परिस्थितीत इथेच थांबा आणि बेअरिंगचं काम आधी करा.

तो अर्धा तास

मागची चाकं आणि ड्रम काढा, म्हणजे ब्रेकचं घासणं मोजमापात येणार नाही. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळे ती धूळ हवेच्या पाइपने किंवा फुंकून उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं बंद पिशवीत टाका. चाकं-ड्रम काढणं शक्य नसेल तर निदान ब्रेक पूर्ण मोकळे आहेत हे पाहा. मुख्य अट एकच: आधी ज्या स्थितीत मोजाल, त्याच स्थितीत नंतर मोजायचं.

फ्लँजच्या गोल कडेवर दोरी चार-पाच वेढे गुंडाळा. दोरीच्या टोकाला ताणकाटा अडकवा आणि सावकाश, एकसारखं ओढा. फ्लँज हलायला लागते त्या क्षणी काटा उसळतो, तो आकडा धरू नका. फ्लँज एकसारखी फिरत असताना काटा कुठे स्थिर राहतो तेच लिहा. तीन वेळा मोजा. जोर आणि त्रिज्या यांचा गुणाकार म्हणजे टॉर्क. समजा काटा २.५ किलोवर राहिला आणि दोरी जिथे गुंडाळली तिथली त्रिज्या ५ सेंटिमीटर आहे. २.५ ला ९.८ ने गुणलं की २४.५ न्यूटन, त्याला ०.०५ मीटरने गुणलं की साधारण १.२ न्यूटन-मीटर. वापरलेल्या बेअरिंगच्या छोट्या ॲक्सलला असाच काहीसा आकडा येतो, पण खरा निकष तुमच्या मॅन्युअलचा. काटा जवळजवळ शून्यावरच राहिला तर प्रीलोड आधीच गेलेला आहे. तो आकडा परत गाठण्यात अर्थ नाही, बेअरिंगं तपासावी लागतील.

आकडा कागदावर लिहा, कारण संध्याकाळपर्यंत तो आठवत नाही.

मग खुणा. नट, पिनियनच्या दांड्याचं टोक आणि फ्लँज या तिघांवर एकाच रेषेत पंचचे हलके ठिपके द्या. रंग तेलाने पुसला जातो, ठिपका राहतो. नटाच्या बाहेर दांड्याचे किती आटे दिसतात ते मोजा. व्हर्निअरने दांड्याच्या टोकापासून नटाच्या चेहऱ्यापर्यंतचं अंतरही लिहून ठेवा. शेवटी जुनं सील तोंडाच्या कडेपासून किती आत आहे, तेही मोजा. फ्लँज निघाल्यावर हे माप सर्वांत सोपं जातं, पण सील उचकटण्याआधी नक्की घ्या.

इतकी मापं कशाला, एक ठिपका पुरेसा नाही का, असा प्रश्न पडेल. जुना नटच परत लावणार असाल तर ठिपका उत्तम वाटाड्या आहे. पण नवा नट लावला की त्याचे आटे वेगळ्या ठिकाणी सुरू होतात आणि जुना ठिपका निरर्थक होतो. त्या वेळी अंतराचं माप जागेच्या जवळ नेतं आणि शेवटचा कौल ताणकाटा देतो. नायलॉन कडीचा किंवा कडा ठोकून अडकवलेला नट दुसऱ्यांदा धरेल याचा भरवसा नसतो, म्हणून मी नवा नट आणि ताणकाटा हीच जोडी निवडतो.

नट आणि फ्लँज

नटाची कडा दांड्याच्या खाचेत ठोकलेली असेल तर ती छिन्नीने आधी सरळ करा. घरी केलेली पट्टी दोन बोल्टांनी फ्लँजला बांधा आणि तिचं दुसरं टोक जमिनीवर टेकेल असं ठेवा. जोर जमिनीने घेतला की गाडी स्टँडवरून ढकलली जात नाही. नट नेहमीप्रमाणे घड्याळाच्या काट्यांच्या उलट्या दिशेनेच सुटतो. झटके देऊ नका, लांब दांड्याने एकसारखा वाढता जोर द्या. गंजला असेल तर आदल्या रात्री गंज सैल करणारं तेल मारून ठेवा.

वॉशर कुठल्या बाजूने बसला होता ते पाहून ठेवा. फ्लँज काही वेळा हाताने निघते, बहुधा पुलर लागतो. मागून हातोडीने ठोकू नका. ते घाव थेट बेअरिंगच्या रोलरांवर जातात आणि कड्यांवर खळगे पडतात.

आता ज्या भागावर सील घासत होतं तो फ्लँजचा गोल पृष्ठभाग नीट बघा. नख आडवं फिरवा. अनेक वर्षं एकाच जागी रबराचा ओठ धूळ घेऊन घासत राहिला की स्टीललाही खाच पडते. नख अडकलं नाही, फक्त चकाकती रेघ दिसली, तर बारीक पॉलिश पेपरने गोल दिशेने हलकं पुसून घ्या. लांबीच्या दिशेने घासलात तर तेलाला बाहेर यायला वाट तयार होते. नख अडकत असेल तर नव्या सीलच्या नशिबीही गळतीच आहे. मग तीन मार्ग: नवी फ्लँज, खाचेवर चढवायची पातळ स्टीलची रिपेअर स्लीव्ह, जिची जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास असते आणि जी चढवूनही त्याच मापाचं सील चालतं, किंवा सील एखादा मिलिमीटर कमी आत ठोकणं, म्हणजे ओठ नव्या जागी टेकतो. तिसरा मार्ग तेव्हाच, जेव्हा सील फ्लँजच्या धुळीच्या पत्र्याला घासणार नाही. जुन्या गाडीचं हे काम फसण्याचं मोठं कारण ही खाच असते. नवं सील निकृष्ट निघालं अशी समजूत होते आणि दोष फ्लँजचा असतो.

सील काढणं, घालणं

जुनं सील त्याच्या धातूच्या कड्याला धरून, थोडं थोडं सगळीकडून उचकटा. अवजाराचं टोक सीलच्या घराच्या भिंतीवर टेकवू नका. तिथे पडलेला ओरखडा म्हणजे पुढची गळती. ते हटत नसेल तर कड्याची एक बाजू पंचने आत दुमडा, मग ते सुटं होतं. भोकं पाडून स्क्रू घालून ओढायची पद्धतही आहे, पण धातूचे कण बेअरिंगमध्ये पडायचा धोका मला पटत नाही. सीलच्या मागे तेल उडवणारी पातळ चकती असू शकते. ती कशी बसली आहे ते पाहा आणि तशीच राहू द्या.

घर पुसून कोरडं करा. नव्या सीलची बाहेरची कडा नुसत्या धातूची असेल तर तिच्यावर गॅस्केट सीलंटचा अगदी पातळ हात फिरवा. रबर चढवलेली असेल तर काहीही लावू नका. ओठांवर गिअर ऑइल किंवा ग्रीस लावाच. कोरडा ओठ पहिल्याच फेरीत जळतो. दोन ओठांचं सील असेल तर त्यांच्यामधल्या पोकळीत ग्रीस भरा.

दिशा: ज्या बाजूला बारीक गोल स्प्रिंग दिसते ती बाजू आत, तेलाकडे. सील हाताने तोंडावर सरळ टेकवा आणि त्याच्या बाहेरच्या कड्याएवढ्या व्यासाचा सॉकेट किंवा पाइपचा तुकडा ठेवून हलके, मध्यावर घाव द्या. एका बाजूने कललं तर तसंच दामटू नका, बाहेर घेऊन परत सरळ करा. लिहून ठेवलेल्या खोलीपर्यंत गेलं की चार ठिकाणी व्हर्निअरने मोजा. चारही आकडे सारखे यायला हवेत. घाव देताना स्प्रिंग तिच्या खाचेतून निसटू शकते, म्हणून आरशात पाहून ती जागेवर आहे का ते बघा.

परत आवळणं

दांड्यावरच्या लांबट दातेरी खाचांना स्प्लाइन म्हणतात. तेल या खाचांमधूनही बाहेर येतं, आणि नवं सील गळतंय असा गैरसमज होतो. म्हणून फ्लँजच्या आतल्या खाचांच्या बाहेरच्या टोकाला आणि वॉशरखाली सीलंटचा पातळ लेप द्या. आत सांडेल इतका नको.

फ्लँज ठिपका जुळवून सरकवा. हातोडीने आत ठोकायची नाही, नटानेच ओढून घ्यायची. पट्टी बांधा आणि नट हाताच्या पान्याने आवळत न्या. इम्पॅक्ट गन इथे वापरूच नका. एका झटक्यात ती स्लीव्ह चेपून टाकते आणि ते समजतही नाही. लिहिलेल्या अंतराच्या जवळ पोचलात, फ्लँजची पुढे-मागे हालचाल संपली, की थांबा. पट्टी काढा, फ्लँज दोन्ही दिशांनी दहा-बारा वेळा फिरवा, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. मग दोरी गुंडाळून मोजा.

आकडा कमी असेल तर नट जेमतेम ५ अंश फिरवा आणि परत मोजा. पुन्हा थोडा, पुन्हा मोजा. शेवटी काटा फार झपाट्याने चढतो, म्हणून घाई नको. गाठायचं काय? आधीचा आकडा, अधिक साधारण पाव ते अर्धा न्यूटन-मीटर. नवं सील स्वतः थोडं घासतं आणि स्लीव्हलाही दोन्ही टोकांनी पुन्हा घट्ट टेकावं लागतं, त्यासाठी ही वाढ. आपल्या उदाहरणात काटा ३ ते ३.५ किलोच्या मध्ये आला की थांबायचं.

आणि पुढे गेलात तर? नट मागे फिरवून आकडा जुळवू नका. काटा कमी दाखवेल, पण चेपलेली नळी नटाला मागून ढकलत नसते. नट सैल राहतो, फ्लँज हलते आणि डिफरन्शियल बिघडतं. अशा वेळी नवी स्लीव्ह घालणं हाच उपाय आहे. याच भीतीने ५-५ अंशांनी पुढे जायचं.

आकडा जमला की कडा ठोकायचा नट असेल तर ती दांड्याच्या खाचेत ठोका. शाफ्टवरची पांढरी रेघ जुळवा, बोल्ट मॅन्युअलच्या टॉर्कला आवळा. ड्रम आणि चाकं चढवा.

तेल

पिनियन आणि क्राउन व्हीलचे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घसरतातही. म्हणून तिथे मोठा दाब सोसणारं तेल लागतं, बहुधा जीएल-५ दर्जाचं, ८०डब्ल्यू-९० किंवा त्याहून जाड. काही फार जुन्या ॲक्सलमध्ये पितळ किंवा ब्राँझचे भाग असतात, त्यांना जीएल-५ मधली रसायनं मानवत नाहीत. तिथे मॅन्युअल सांगेल तेच घाला. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर पोचवणारं) असेल तर त्याचं खास तेल किंवा मिश्रण लागतं, नाहीतर वळणावर आतल्या प्लेटी कडकडतात. दीड लिटरच्या आगेमागे तेल मावतं, पण लिटरवर न जाता पातळीवर जा. गाडी सपाट उभी असताना तेल भरायच्या भोकाच्या खालच्या कडेला टेकलं आणि बाहेर ओघळू लागलं की पुरे. थेंब थांबेपर्यंत वाट पाहा, मग प्लगला नवा वॉशर घालून बंद करा.

पहिली फेरी

पहिले १०-१५ किलोमीटर बेताच्या वेगाने चालवा. थांबल्यावर डिफरन्शियलच्या नाकाजवळ हात न्या, आधी स्पर्श न करता. कोमट किंवा गरम असणं ठीक. हात क्षणभरही ठेवता येणार नाही इतकं तापलं असेल तर नट जास्त आवळला गेला आहे, गाडी पुढे चालवू नका. जोर देताना किंवा पाय उचलल्यावर आधी नसलेली घूं ऐकू आली तर प्रीलोड पुन्हा तपासायला हवा.

पहिल्या दिवशी सीलभोवती तेलकट चकाकी दिसली तर घाबरू नका, बसवताना लावलेलं ग्रीस बाहेर येतं. ते पुसा, पावडर भुरभुरवा आणि आठवड्याने परत वाकून बघा. त्याच वेळी शाफ्टचे चार बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा आणि तेलाची पातळी करंगळीने पाहून घ्या.